चेकवरील सही आणि खिडकीवरील माणूस

सीताबर्डीवरील एखाद्या बँकेंत सकाळीं अकराच्या सुमारास घटकाभर उभें राहिलें, तर एकच प्रसंग निरनिराळ्या रूपांनीं पुनःपुन्हा पाहावयास सांपडतो. समजा, धंतोलींत राहणाऱ्या एका वृद्ध पेन्शनर गृहस्थांना संधिवातामुळें घराबाहेर पडवत नाहीं. महिन्याच्या खर्चाकरितां त्यांनीं दहा हजार रुपयांचा चेक लिहिला आणि बारा वर्षें घरकाम करणाऱ्या बाईच्या हातीं तो बँकेंत पाठविला. खिडकीवरील कारकुनानें चेक उलटसुलट पाहिला, बाईला तिचें नांव विचारलें आणि पाठीमागें सही करण्यास सांगितलें. बाईला सही येत नव्हती. तेव्हां चेक कोणीं दिला, त्यांचें घर कोठें, काम किती दिवसांपासून, असे आणखी तीनचार प्रश्न झाले. रांगेंतील माणसें वळून पाहूं लागलीं. शेवटीं अंगठा घेऊन पैसे मिळाले. परंतु बाई घरीं आली ती डोळ्यांना पदर लावूनच. 'काकाजी, मले चोर समजलं ना जी त्यायनं,' एवढेंच ती बोलली. गृहस्थांचा संताप अनावर झाला. तीस वर्षांचें खातें, सही स्वतःची, शिल्लक भरपूर. मग या चौकशा कशाला?

या प्रसंगांत लबाड कोणीच नाहीं. तरी दोन भलीं माणसें दुखावलीं, आणि तिसरा, तो कारकून, आपलें कर्तव्य करूनहि वाईट ठरला. गृहस्थांना वाटलें, बँकेनें सहीवर अविश्वास दाखविला. बाईला वाटलें, तिच्या प्रामाणिकपणावर. वस्तुतः कारकुनापुढें प्रश्न दोन होते, आणि ते एकमेकांपासून अगदीं वेगळे आहेत. हा कागद खरोखर खातेदारानेंच लिहिला आहे काय, हा पहिला. आणि तो घेऊन आलेल्या मनुष्याला पैसे घेण्याचा अधिकार आहे काय, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर सहींत शोधावयाचें असतें, दुसऱ्याचें माणसांत. चेक वटवितांना होणारे बहुतेक गैरसमज, आणि कित्येक फसवणुकीसुद्धां, या दोन प्रश्नांची गल्लत केल्यानें होतात.

ओळखीचा हा प्रश्न इंग्रजी पद्धतीच्या बँकांबरोबर या देशांत आला, असें मात्र नाहीं. इतवारीच्या सराफ्यांत आणि कामठीच्या पेढ्यांवर हुंडीचा व्यवहार चालत असे, तेव्हांहि तो होताच. आणि जुन्या सावकारांनीं त्याचें उत्तर मोठ्या मार्मिकपणें शोधून ठेवलें होतें. दर्शनी हुंडी दाखवितांच पटवावयाची, मुदती हुंडी मुदत भरल्यावर; हा झाला वेळेचा भेद. पैसे कोणाच्या हातीं द्यावयाचे याचा भेद निराळा. शहाजोग हुंडीचे पैसे वाटेल त्याच्या हातीं पडत नसत. ते 'शहा'लाच द्यावयाचे, म्हणजे बाजारांत ज्याची पत आहे, ज्याला चार पेढ्या ओळखतात, अशा असामीलाच. हुंडी घेऊन आलेला मनुष्य परगांवचा असेल, तर त्यानें गांवांतला एखादा शहा गांठावा आणि त्याच्यामार्फत ती पटवावी. पुढें ती हुंडी बनावट अथवा चोरीची निघाली, तर पैसे परत करण्याची जबाबदारी त्या शहावर येई. म्हणजे ओळख पटविणें याचा त्या काळचा अर्थ नुसतें नांव सांगणें असा नव्हता. परक्याच्या पाठीशीं कोणी तरी आपली पत घेऊन उभें राहणें, असा होता.

चेकनें ही साखळी तोडली. चेक हा हजारों अनोळखी माणसांसाठीं निघालेला कागद आहे. तो लिहिणारा कोठें तरी घरीं बसलेला असतो, आणणारा दुसराच असतो, आणि पैसे देणारा कारकून बहुधा दोघांनाहि ओळखत नसतो. अशा तीन परक्यांमधला व्यवहार सुरक्षित राहावा म्हणून १८८१ सालीं निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट हा कायदा झाला. पुष्कळ दुरुस्त्या होऊन तोच आजहि लागू आहे. त्याच्या दहाव्या कलमांत 'यथायोग्य रीतीनें पैसे देणें' म्हणजे काय, तें सांगितलें आहे. कागदावर जें उघड लिहिलें आहे त्याप्रमाणें, सद्भावनेनें, निष्काळजीपणा न करितां, आणि आणणाऱ्याला पैसे मिळण्याचा हक्क नाहीं असें मानण्यास सयुक्तिक कारण नसतांना जे पैसे दिले, ते यथायोग्य दिले. कारकुनाच्या साऱ्या प्रश्नांचें मूळ या एका वाक्यांत आहे. कायदा त्याला प्रत्येकाची झडती घ्यावयास सांगत नाहीं. परंतु समोर शंकेचें कारण दिसत असतां डोळेझांक करण्याची मोकळीकहि देत नाहीं.

आतां खिडकीच्या आंत चेकचा प्रवास कसा होतो, तें पाहण्यासारखें आहे. संगणक येण्यापूर्वीं हा प्रवास डोळ्यांना दिसत असे. चेक दिला कीं कारकून पितळेचा बिल्ला हातांत ठेवी आणि त्याचा आंकडा चेकवर टिपून घेई. तेथून चेक खातेवहीवाल्याकडे जाई. तारीख पुढची किंवा फार जुनी तर नाहीं, अक्षरी रक्कम आणि आंकडी रक्कम जुळतात कीं नाहीं, शिल्लक पुरेशी आहे काय, खातेदारानें तो चेक थांबविण्याबद्दल लिहून तर दिलें नाहीं, इतकें तो पाही. मग अधिकारी नमुना-सहीचें कार्ड काढून त्याच्याशीं चेकवरची सही ताडून पाही आणि तांबड्या शाईनें शेरा मारी. सरतेशेवटीं कॅशियर बिल्ल्याचा आंकडा पुकारी. माणूस पुढें आला कीं नोटा देण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारी: 'रक्कम किती?' आणि पाठीमागें पुन्हां एक सही घेई. वाट पाहून कंटाळलेल्या माणसाला हा प्रश्न वेडगळपणाचा वाटे. परंतु ज्याचा चेक आहे त्याला रक्कम ठाऊक असतेच. ज्यानें रांगेंत दुसऱ्याचा बिल्ला उचलला, तो मात्र येथें अडखळतो. दोन सह्या आणि एक साधा प्रश्न, एवढ्यानें किती तरी चोऱ्या खिडकीवरच थांबल्या असतील. पुढें खातेवही गेली आणि पडदा आला, कार्डाऐवजीं सहीचें चित्र आलें. तपासणीचा क्रम मात्र फारसा बदलला नाहीं.

या तपासणींत सहीबाबत बँकेची जबाबदारी फार कडक आहे. खातेदाराची सही बनावट असेल, तर कायद्याच्या दृष्टीनें तो चेकच नव्हे. खातेदारानें तसा हुकूम दिलेलाच नसतो. मग ती नक्कल कितीहि हुबेहूब असो, नुकसान बँकेनें सोसावयाचें. १९८७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन या खटल्यांत हें निःसंदिग्ध सांगितलें. त्या कंपनीच्या हिशेबनीसानें व्यवस्थापकीय संचालकाची खोटी सही करून बेचाळीस चेक वटविले होते. रक्कम सव्वातीन लाखांच्या वर गेली. कंपनीनें इतके दिवस आपलें पासबुक नीट पाहिलें नाहीं, असा बँकेचा बचाव होता. न्यायालयानें तो मानला नाहीं आणि रक्कम भरून देण्याची जबाबदारी बँकेवर टाकली.

परंतु यावरून खातेदारावर कसलेंच बंधन नाहीं, असें समजणें घातक होईल. १९१८ सालीं इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढें आलेला मॅकमिलन यांचा खटला बँकिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. एका पेढीच्या कारकुनानें भागीदारापुढें दोन पौंडांचा चेक सहीला ठेवला. अक्षरी रकमेची जागा कोरी होती आणि आंकड्याच्या दोहों बाजूंस मोकळी जागा सोडलेली होती. भागीदार घाईंत होता. त्यानें सही केली. कारकुनानें दोनाच्या अलीकडे एक आणि पलीकडे शून्य लिहून, अक्षरी रक्कम भरून, एकशेंवीस पौंड उचलले आणि तो नाहींसा झाला. येथें सही खरीच होती. लिहिण्यांत निष्काळजीपणा केला तो पेढीनें. निकाल बँकेच्या बाजूनें लागला. सहीचें रक्षण बँकेनें करावें, आणि सहीवरच्या मोकळ्या जागेचें रक्षण खातेदारानें, अशी ही वांटणी आहे.

आतां दुसरा प्रश्न: कागद घेऊन आलेला मनुष्य. याबाबत अनेक सुशिक्षित घरांतून एक मोठी गोष्ट ध्यानांत आलेली नसते. त्या माणसाची ओळख किती कसोशीनें घ्यावयाची, हें पुष्कळ अंशीं चेक लिहिणाराच ठरवीत असतो. चेकवर घेणाऱ्याच्या नांवापुढें 'किंवा धारकास' हे शब्द छापलेले असतात. ते तसेच राहूं दिले, तर तो बेअरर चेक झाला. लिहिणाऱ्यानें बँकेला जणूं सांगितलें कीं, ज्याच्या हातीं हा कागद दिसेल त्याला पैसे द्या. पंच्याऐंशीव्या कलमांत १९३४ सालीं जी भर पडली, तिनें हें स्पष्ट केलें: मुळांत धारकास देय असलेल्या चेकचे पैसे धारकास यथायोग्य दिले कीं बँक मोकळी झाली, पाठीमागें कोणाच्याहि सह्या असोत. असा चेक बर्डीच्या गर्दींत खिशांतून पडला, तर तो नोटांच्या पुडक्याहून थोडासाच अधिक सुरक्षित असतो. कारकुनानें चार प्रश्न विचारले, तर तो बहुधा कायद्याच्या सक्तीपेक्षां अधिक सावधपणा दाखवीत असतो. आणि त्याचा लाभ खातेदारालाच होत असतो.

'किंवा धारकास' हे शब्द खोडले कीं तोच ऑर्डर चेक होतो. मग ज्याचें नांव वर लिहिलें आहे त्याला, अथवा त्यानें पाठीमागें सही करून ज्याला दिला त्यालाच पैसे मिळावयाचे. येथें बँक ओळखीचा पुरावा मागणारच. आणि डाव्या कोपऱ्यांत दोन तिरप्या समांतर रेघा ओढल्या कीं चेक क्रॉस झाला. त्याचे पैसे खिडकीवर कोणालाच मिळत नाहींत. ते कोणत्या तरी बँकेंतील खात्यांतच जमा व्हावे लागतात. दोन रेघांनीं चोराची सोय नाहींशी होत नाहीं, परंतु त्याला आधीं कोठें तरी खातें उघडावें लागतें, आणि तेथें त्याचा माग राहतो.

म्हणूनच ओळखीचा प्रश्न खिडकीवरून उठून खातें उघडण्याच्या टेबलावर गेला. दुसऱ्याचा क्रॉस केलेला चेक खोट्या नांवाच्या खात्यांत जमा झाला, तर तो वसूल करणाऱ्या बँकेला एकशेंएकतिसावें कलम संरक्षण देतें, पण तें सद्भावना आणि सावधगिरी दोन्ही असतील तरच. खातें उघडतांना जुन्या ग्राहकाची 'परिचय देणारा' म्हणून सही घेण्याची रीत अनेक वर्षें होती. नागपुरांत नवीन बदलून आलेला नोकरदार शेजाऱ्याला किंवा कचेरींतील हेडक्लार्कला त्यासाठीं बँकेंत घेऊन जाई. हा परिचय देणारा म्हणजे इतवारीचा जुना शहाच, फक्त वेष बदललेला. रिझर्व्ह बँकेनें २००२ सालापासून 'ग्राहकाला ओळखा' या धोरणाचे नियम घालून दिले. पुढें परिचयदात्याची सक्ती गेली आणि त्याची जागा छायाचित्र, पत्ता व सरकारी ओळखपत्र यांनीं घेतली. माणसाच्या शब्दाची जागा कागदानें घेतली. ज्याला गांवांत कोणी ओळखत नाहीं अशा गरिबालाहि त्यामुळें खातें उघडतां येऊं लागलें, हा मोठाच लाभ. परंतु कागद खोटा निघाला तर परत करावयाला पुढें येणारा शहा आतां कोणी नाहीं, हेंहि खरें.

मग ज्यांना सहीच करतां येत नाहीं, त्यांचें काय? येथें अंगठ्याचा ठसा उपयोगीं पडतो, आणि त्याचा इतिहास याच देशांतला आहे. १८५८ सालीं बंगालमध्यें जंगीपूर येथें विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्यानें राज्यधर कोनाई या ठेकेदाराकडून रस्त्याच्या खडीचा करार लिहून घेतला आणि त्यावर त्याच्या हाताचा ठसा उमटवून घेतला. पुढें त्यानें सही नाकारूं नये, एवढाच मूळ हेतु होता. त्यांतून पुढें बोटांच्या ठशांचें शास्त्र वाढलें. १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली आणि तेथें अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनीं वर्गीकरणाच्या कामीं मोलाची भर घातली. आजारी किंवा दुर्बळ खातेदारासहि हा मार्ग खुला आहे. सही करण्याइतकी शक्ति हातांत उरली नसेल, तर दोन स्वतंत्र साक्षीदारांसमक्ष अंगठा घेऊन पैसे काढतां येतात. ते दोघेहि बँकेच्या माहितीचे असावे, आणि त्यांपैकीं एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असावा. धंतोलींतील त्या गृहस्थांची बोटें उद्यां पेन धरीनाशीं झालीं, तर हा नियम त्यांच्या उपयोगीं पडेल.

सहीहि न पाहतां आणि कागदहि न घेतां केवळ ओळखीच्या भासावर पैसे दिले, तर काय होतें, याचें उदाहरण देशानें २४ मे १९७१ रोजीं पाहिलें. दिल्लीच्या संसद मार्गावरील स्टेट बँकेच्या शाखेंत मुख्य रोखपालाला टेलिफोन आला. पंतप्रधान इंदिरा गांधी स्वतः बोलत आहेत, अशी त्याची खात्री झाली. बांगला देशच्या एका गुप्त कामासाठीं साठ लाख रुपये अमुक ठिकाणीं एका मनुष्यास द्यावे, खुणेचा शब्द अमुक, असा निरोप मिळाला. त्यानें रक्कम स्वतः नेऊन दिली. पावती मागावयास गेला तेव्हां कळलें कीं असा निरोप कोणीं दिलाच नव्हता. रुस्तुम सोहराब नगरवाला या गृहस्थास त्याच दिवशीं अटक झाली आणि बहुतेक रक्कम परत मिळाली. आवाजाची नक्कल केल्याची कबुली त्यानें दिली. तरी या प्रकरणाच्या शंका फिटल्या नाहींत, आणि १९७७ सालीं न्यायमूर्ति जगनमोहन रेड्डी यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. शंका राहोत, धडा स्पष्ट आहे. पाठीमागें सही घ्या, रक्कम विचारा, अधिकाऱ्याचा शेरा घ्या, हे सारे लहान नियम त्या दिवशीं एका मोठ्या नांवाच्या दबावाखालीं बाजूला सारले गेले. ज्या माणसाला प्रश्न विचारावयास संकोच वाटतो, त्याच्या नांवानेंच ठक येत असतो. यंत्राच्या साहाय्यानें कोणाचाहि आवाज हुबेहूब काढतां येऊं लागल्यापासून तर ही गोष्ट प्रत्येक घरानें ध्यानांत ठेवण्याजोगी झाली आहे.

एका बँकेचा चेक दुसऱ्या बँकेंतील खात्यांत भरला, तर आतां तो कागद स्वतः प्रवास करीत नाहीं. २००८ सालापासून टप्प्याटप्प्यानें आलेल्या पद्धतीप्रमाणें चेकचें चित्र तेवढें पाठविलें जातें. पैसे देणाऱ्या बँकेसमोर माणूस येत नाहीं आणि कागदहि येत नाहीं. त्यामुळें चेकवर खाडाखोड चालत नाहीं. तारखेच्या मुदतवाढीखेरीज कांहींहि बदलावयाचें तर नवा चेक लिहावा लागतो. चेकची मुदतहि १ एप्रिल २०१२ पासून सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली. १ जानेवारी २०२१ पासून आणखी एक सोय झाली. पन्नास हजार रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचा चेक दिल्यास खातेदारानें त्याचा क्रमांक, तारीख, घेणाऱ्याचें नांव आणि रक्कम बँकेला आधींच कळवावी, म्हणजे चेक आल्यावर बँक तें ताडून पाहते. पांच लाखांपासून पुढें ही पद्धत सक्तीची करण्याची मुभा बँकांना आहे. जुन्या सावकारीत हुंडी निघाली कीं तिची सूचना देणारें पत्र वेगळें जात असे. ही त्याच शहाणपणाची नवी आवृत्ति होय.

असो. आतां पुन्हां त्या खिडकीपाशीं. बाईला प्रश्न विचारले, यांत कारकुनाची चूक नव्हती. ते चारचौघांत मोठ्यानें विचारले, यांत थोडी होती. ओळख विचारणें हें कर्तव्य आहे, पण हलक्या आवाजांत आणि 'बाई, जरा बसा' असें म्हणून विचारलें, तर तेंच कर्तव्य कोणाला बोंचत नाहीं. भरजरी पातळाला प्रश्न नाहीं आणि विटलेल्या लुगड्याला मात्र दहा, असें होऊं लागलें, तर ती सावधगिरी नव्हे, तो पंक्तिप्रपंच झाला. ठक बहुधा उंची कपड्यांतच येतो, हें बँकेंतील जुने लोक जाणतात.

परंतु मोठा वांटा त्या गृहस्थांचा होता. त्यांनीं चेकवर 'स्वतःस' असें लिहून 'किंवा धारकास' हे शब्द तसेच ठेवले होते. म्हणजे तो चेक रस्त्यांत कोणाच्याहि हातीं पडता, तरी त्यावर बाईचा हक्क दाखविणारें एक अक्षरहि नव्हतें. तिच्या प्रामाणिकपणाचा सारा भार त्यांनीं तिच्या एकटीच्या तोंडी उत्तरांवर टाकला होता. त्याऐवजीं तिचें नांव चेकवर लिहिलें असतें, ती पैसे नेण्यास येईल असें पत्र छायाचित्रासह शाखेंत एकदां देऊन ठेवलें असतें आणि तिचें ओळखपत्र बरोबर पाठविलें असतें, तर बाईला विचारावयाचें फारसें कांहीं उरलें नसतें. जुन्या बाजारांत शहा आपली पत परक्याच्या पाठीशीं उभी करीत असे. ज्या घरानें बारा वर्षें एका बाईच्या हातीं किल्ल्या सोंपविल्या, त्या घरानें दोन ओळी लिहून तिच्या पाठीशीं उभें राहावें, एवढेंच बँकेचें मागणें होतें.